सध्या जेवायला कोण आहे?

त्या घरात चहात साखर किती, असं काकांना कुणी विचारत नसे. स्वयंपाकघरात जाऊन काकूंना विचारायचं, "सध्या कोण आहे?" काकू म्हणाल्या, "कंपाउंडर आहेत," की समजायचं, चहा कोमट आणि साखर नावाला. "मुकादम आहेत," म्हणाल्या की गुळाचा काळा चहा. मग त्याप्रमाणे कप बाहेर जायचा. काका तो निमूटपणे घ्यायचे. तक्रार कधीच करायचे नाहीत, कारण मुळात तो चहा त्यांचा नसायचाच.

काका म्हणजे आमचे घरमालक. कादंबरीकार. नाव सांगत नाही, वाचणाऱ्यांना माहीत असेल आणि न वाचणाऱ्यांना सांगून उपयोग नाही. मी स्वतः न वाचणाऱ्यांतली. नाशकात सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. वस्तू जिथं ठेवायची तिथं ठेवलेली असावी आणि मागितली की सापडावी, एवढीच माझी जगाकडून अपेक्षा असते. अशा बाईच्या नशिबी देवानं नेमका हा घरमालक लिहून ठेवला होता.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका कॉलनीत त्यांचं छोटं बैठं घर होतं आणि वर दोन खोल्या काढलेल्या. कळवणजवळच्या आमच्या गावाहून आईला आणून मी त्या खोल्या बघायला गेले, तेव्हा आधार कार्ड, कंपनीचं पत्र, सगळं फायलीत लावून नेलं होतं. काकांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. आईकडे बघून म्हणाले, "तुमच्याकडे भाकरी कशात चुरतात? दुधात, ताकात की आमटीत?" मी चक्रावले. आई मात्र अजिबात चक्रावली नाही. म्हणाली, "जे असंल त्यात. काय नसलं तं पाण्यात." काकांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी आत वळून काकूंना सांगितलं, किल्ली आण. भाड्याचं बोलणं काकूंनी नंतर जिन्यात केलं.

पहिल्याच आठवड्यात मी काकूंना पाण्याची वेळ विचारली, तर म्हणाल्या, मुकादमांचं जेवण झालं की मोटर लावते. मला वाटलं, खाली कुणी पेइंग गेस्ट ठेवलेत. म्हणजे पाण्याला आणखी एक वाटेकरी. मी दोन दिवस जिन्यावरून डोकावून पाहिलं. मुकादम काही दिसेना. दुपारी बाराला काका तेवढे अंगणात पायरीवर बसलेले असायचे. मांडीवर फडकं, त्यात थंड भाकरी, शेजारी हातानं फोडलेला कांदा. घरात जेवणाचं चांगलं टेबल असताना हा माणूस पायरीवर का जेवतो, ते कळेना. शेवटी काकूंनीच सांगितलं. काका तेव्हा दिंडोरीच्या एका द्राक्षबागेतल्या मुकादमावर कादंबरी लिहीत होते. आणि कादंबरी पुरी होईपर्यंत काका त्या माणसाचंच जेवण जेवायचे. त्याचंच, त्याच्याच वेळेला, तो बसेल तिथं बसून.

ही त्यांची काम करायची पद्धत होती. त्यांचं म्हणणं असं की, माणूस तोंडानं काय बोलतो त्यावर विश्वास ठेवू नये, त्याच तोंडात काय घालतो ते बघावं. घास कसा घेतो, आधी काय संपवतो आणि शेवटच्या घासासाठी काय राखून ठेवतो, ते कळलं की माणूस कळला. बाकीचं मग लिहिता येतं. नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका ट्रक मेकॅनिकवर लिहिताना ते म्हणे वर्षभर उभ्यानं जेवले. काकू ताट घेऊन त्यांच्या मागे अंगणभर फिरायच्या. तेव्हाची तिखट शेवभाजी आठवली की काकू आजही पोटावर हात ठेवायच्या, कारण एकाच घरात दोन स्वयंपाक कोण करणार? काकांबरोबर त्याही मेकॅनिकचंच जेवल्या होत्या.

मिसळ खायला ते दर रविवारी जायचे, पण मिसळीसाठी नाही. नाशकात रविवारी सकाळी मिसळीच्या ठिकाणी जी गर्दी होते, ती त्यांना हवी असायची. एकदा मला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. आम्ही तीन टेबलं बदलली. पहिल्या टेबलावर समोरचा माणूस पाव सरळ मोडतोय म्हणून कंटाळले. दुसऱ्या टेबलावर एक गृहस्थ आधी सगळी मटकी वेचून खाऊन मग नुसता रस्सा पीत होते. काका त्यांच्याकडे इतके टक लावून बघत बसले की त्या गृहस्थांनी शेवटी वाटी उचलली आणि पाठ करून बसले. मग काका माझ्याकडे झुकून समाधानानं म्हणाले की, हा माणूस घरात सगळ्यात धाकटा असणार, याच्या ताटातलं लहानपणी कुणीतरी उचलत होतं. मी त्यांना म्हटलं, काका, माझी मिसळ गार झाली.

भाजीबाजारातही तेच. पिशवी घेऊन जायचे आणि तशीच रिकामी परत आणायचे. तासभर लोकांच्या शेजारी उभं राहून कोण वांगं दाबून बघतो आणि कोण वास घेतो, ते बघत राहायचे. एकदा एका बाईनं त्यांना पाकीटमार समजून जो काही दम दिला, तो त्यांनी घरी येऊन शब्दन् शब्द लिहून काढला. वर आम्हाला म्हणतात कसे, फार मोलाची बाई होती. भाजी त्या दिवशीही मीच आणली.

गंमत सांगते आहे खरी, पण माझा जीव कासावीस व्हायचा तो काकूंसाठी. या बाईनं जन्मभर परक्या माणसांचा स्वयंपाक केला. बरं, केलेल्याचं कौतुक? तेही परभारे. काका जेवून उठताना म्हणणार, "मुकादमाला आवडलं हं." त्यांना स्वतःला आवडलं की नाही, ते कधी कळायचं नाही.

एका वाचनालयानं काकांची प्रकट मुलाखत ठेवली होती. आई, मी आणि काकू दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मुलाखत घेणाऱ्या मुलीनं बरंच जड जड विचारून झाल्यावर हसत विचारलं, सर, तुमचा आवडता पदार्थ कोणता? काकांनी माइक तसाच तोंडाशी धरून काकूंना विचारलं, "काय गं, सध्या मला काय आवडतं?" काकू जागेवरूनच म्हणाल्या, "मऊ भात आणि मेतकूट. मिरची चालत नाही." तेव्हा कंपाउंडर चालू होते. सभागृह हसून हसून पडलं. लोकांना वाटलं, दोघांनी ठरवून केलं. रिक्षातून परत येताना काकू बाहेर बघत बसल्या होत्या. घर आल्यावर मला हळूच म्हणाल्या, "विनोद नव्हता तो. मला खरंच माहीत नाही यांना काय आवडतं. आता विचारायचीही लाज वाटते."

त्या कंपाउंडरांचंच सांगायचं राहिलं. तात्या नाव होतं त्यांचं, कादंबरीत. म्हातारा, एकटा, पोटाचा नाजूक माणूस. दीड-दोन वर्षं काकूंनी त्यांचं पथ्य सांभाळलं. एके सकाळी मी कामावर गेले होते आणि आई अंगणात कपडे वाळत घालत होती. काकू मागच्या दारात पदर डोळ्याला लावून बसलेल्या. आईनं विचारलं, काय झालं. काकू म्हणाल्या, "आमचे तात्या गेले हो आज पहाटे."

आता माझी आई म्हणजे कळवणकडची बाई. मयताच्या घरी चूल पेटवायची नसते, शेजारणीनं पिठलं-भाकरी करून न्यायची असते, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. ती तडक वर आली, पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या आणि डोक्यावरून पदर घेऊन टोपली खाली घेऊन गेली. काकूंजवळ बसली, पाठीवरून हात फिरवला, स्वतःही थोडी रडली. मग विचारलं, कोण व्हते तुमचे? काकू म्हणाल्या, नात्यातले नव्हते, आमच्याकडे जेवायला असायचे. आई म्हणाली, मंग तं घरचंच की.

तेवढ्यात काका बाहेर आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. ते खरेच रात्रभर त्या माणसाच्या उशाशी होते, म्हणायचं तर. आईनं त्यांना बसवून पिठलं-भाकरी वाढली आणि त्यांनीही पोटभर खाल्ली. आईनं मग व्यवहाराचं विचारलं. दहावा कधी, रामकुंडावर किती वाजता यायचं? काका जरा विचार करून म्हणाले, "ते आता प्रकाशकांच्या हातात आहे." आईला वाटलं, प्रकाशक हे मयताच्या थोरल्या मुलाचं आडनाव.

संध्याकाळी मी घरी आले तर आईनं मला दारातच अडवलं, आधी हातपाय धुऊन ये म्हणाली. सगळं ऐकल्यावर मी कपाळावर हात मारला आणि तिला खरं काय ते सांगितलं. मला वाटलं, आता खाली जाऊन भांडते. पण आई म्हणाली, "मेलं ते मेलं. घरात चूल नव्हती ना पेटली? जेवले ना दोघं? बास." नंतर तिनं मला एवढंच विचारलं, तात्या आजारी किती दिवस व्हता, नि दवापाणी झालं का धड. मला सांगता येईना. ती काकूंना विचारून आली आणि तिचं समाधान झालं.

तेव्हापासून आईची आणि काकूंची गट्टी जमली ती जमलीच. काका आईला मोठ्या आदरानं "ताई" म्हणायचे. तिच्या हातच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या भाकरीवर त्यांचं बारीक लक्ष असे. पण तीही कुणाची ना कुणाची म्हणूनच.

मग कोरोना आला. पहिल्या खेपेला आम्ही सगळे वाचलो. दुसऱ्या खेपेला काकांना गाठलंच. दवाखान्यात ठेवावं लागलं नाही, हे नशीब. वरून दोरीला पिशवी बांधून आई खाली पेज सोडायची. दोन-तीन आठवड्यांत काका उठून बसले, ऑक्सिजन बरा झाला, खोकला गेला. पण तोंडाची चव गेली ती परत आली नाही. वासही गेला. डॉक्टर म्हणाले, येईल, काहींना वेळ लागतो. महिने गेले. काका हिरवी मिरची चावून बघायचे. डोळ्यांतून पाणी यायचं, जिभेला आग व्हायची, पण मिरची काही लागायची नाही. हिंगाची डबी नाकाशी धरून बसायचे. एकदा मी खाली गेले तर ओट्यावर मीठ, साखर, चिंच, कॉफी अशा बश्या मांडलेल्या आणि काका एकेक बोट लावून चाखत होते. मला बघून म्हणाले, "सगळे एकाच कपड्यात आलेत गं. कोण कोण आहे, ओळखू येत नाही."

दुसऱ्या कुणाची चव जाते तेव्हा त्याचं जेवण जातं. काकांचं कामच गेलं. त्यातून वेळ अशी वाईट की, ते तेव्हा सोनाबाई लिहीत होते. सायखेड्याची सोनाबाई, लग्नाकार्यात स्वयंपाक करणारी आचारीण. गोदाकाठच्या गावागावांतून तिला बोलावणं. तिची एकुलती एक मुलगी तिच्याशी भांडून मावशीकडे निघून गेलेली. तिथंच वाढली, तिथंच लग्न ठरलं. आणि आता त्या लग्नाचा स्वयंपाक करायला सोनाबाईला बोलावलंय. आचारीण म्हणून. आई म्हणून नाही. एवढी गोष्ट मला काकूंनी सांगितली आणि कादंबऱ्या न वाचणारी मीसुद्धा विचारून बसले, मग पुढं? काकू म्हणाल्या, पुढं काही नाही. तिथंच थांबलंय. सोनाबाई चुलीपुढं उभी आहे आणि यांना चव कळत नाही.

काकांनी सत्तरी ओलांडली होती. हे शेवटचं मोठं काम, असं ते स्वतःच म्हणायचे. सकाळी नेहमीच्या वेळेला जेवणाच्या टेबलाशी बसायचे, ते टेबलच त्यांचं लिहायचं ठिकाण होतं. पेनाचं टोपण काढायचे आणि परत लावायचे. माणूस दिवसेंदिवस वाळत चालला. पुढ्यात येईल ते गिळायचे. कुणाचं जेवण जेवतोय, हे विचारायची सोय राहिली नाही. मला भीती वाटायला लागली की हे असेच एक दिवस टोपण लावून उठतील आणि परत बसणार नाहीत.

मग एक दिवस जेवताना त्यांनी काकूंना विचारलं, आमटी कशी झालीय? मी तिथंच होते, आईनं दिलेले पापड द्यायला गेले होते. काकू म्हणाल्या, चांगली झालीय. काका चिडले. चांगली म्हणजे काय? चांगली हा शब्द मी माझ्या पुस्तकात कुणाला वापरू देत नाही, म्हणाले. काकूंनी पळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मग तुम्ही सांगा कशी झालीय." बोलल्या आणि त्यांनाच वाईट वाटलं. काका खाली मान घालून भात कालवत राहिले. मी पापडाचा डबा घेऊन तशीच उभी, जावं की थांबावं कळेना.

मग काकूच म्हणाल्या, "आमच्या चांदवडला एक आत्या होती. दारात कुणी आलं की आधी रागवायची, एवढ्या उन्हाचं कशाला आलात म्हणून. मग आत नेऊन स्वतः पाय धुवायला पाणी द्यायची. आजची आमटी तशी आहे. आधी आंबट लागते, ओरडते जराशी. गूळ मागून येतो."

काकांनी आमटीचा एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला, गिळला. "मागून म्हणजे गिळल्यावर?"

"गिळल्यावर. घशात."

"आणि ही आत्या कोण?"

"होती. माझ्या वडिलांची चुलत बहीण."

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "इतकी वर्षं एका टेबलावर जेवतोय आम्ही. ही आत्या मला माहीत नव्हती." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला तर तो माणूस घाबरल्यासारखा वाटला.

त्या दिवसापासून त्यांच्या घरी जेवणाची एक नवीन रीत पडली. काकू एक घास खायच्या आणि सांगायच्या, मग काका तो घास खायचे. दुधी म्हणजे आमचा थोरला भाऊ, कुणाच्याही शेजारी बसवा, त्याच्यासारखा होतो. मेथी आज शाळेतल्या शिवणाच्या बाईंसारखी झालीय, वर्गात नकोशा वाटायच्या आणि घरी आल्यावर त्यांचंच बोलणं आठवायचं. असं करत करत काकूंचं अख्खं माहेर त्या टेबलावर येऊन बसलं. ज्या बाईला मी आजवर "हो", "नाही" आणि "मोटर लावते" एवढंच बोलताना ऐकलं होतं, ती ताटावर अर्धा अर्धा तास बोलायला लागली. काका मधूनच "पुढं?" म्हणायचे. जेवण दुपारी दोनपर्यंत चालायचं. आई म्हणायची, आता या माणसाच्या अंगाला अन्न लागायला लागलं बघ. आणि खरोखरच लागायला लागलं.

सोनाबाई मात्र अजून चुलीपुढंच होती. लेकीच्या लग्नातल्या वरणाची चव काय असेल, हे काकांना ठरवता येत नव्हतं. ती इतकी नेमकी हवी होती की पंगतीत बसलेल्या मुलीला पहिल्या घासाला आई कळावी. काका रोज काकूंकडून वरण करून घ्यायचे, आणखी थोडं मीठ, आणखी थोडं तूप, आता सांग कसं लागतंय. शेवटी काकू वैतागल्या. "अहो, ती चव बघणारच नाही," म्हणाल्या. "लेकीचं लग्न आहे. त्या दिवशी तिच्या घशाखाली काही उतरेल का? हाताच्या सवयीनं मीठ टाकेल आणि झाकण ठेवेल. तुम्ही कशाला चव शोधत बसलाय?"

काकांनी ताट तसंच बाजूला सारलं आणि तिथंच लिहायला बसले. हात धुतला नव्हता, कागदाला वरण लागलं. काकूंनी मला खुणेनं बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. पुढच्या दोन महिन्यांत सोनाबाई पुरी झाली.

मला वाटलं, आता नेहमीसारखं नवीन कुणीतरी जेवायला येईल. काकूंना विचारलं, सध्या कोण आहे? तर म्हणाल्या, कुणीच नाही. आमचं आमचंच चाललंय. घास सांगायची रीत मात्र तशीच चालू राहिली, कारण चव अजून आलेली नव्हती.

निदान काकू तसं म्हणत होत्या. एका शनिवारी, कारखान्याला सुट्टी म्हणून मी अंगणात स्कूटर पुसत होते. काकू दूध गॅसवर ठेवून कोपऱ्यावर गेल्या होत्या, काका पायरीवर पेपर वाचत होते. वाचता वाचता त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, दूध लागलं वाटतं खाली. मी आत पळत जाऊन गॅस बंद केला. पातेल्याचा तळ नुकताच करपायला लागला होता. मलासुद्धा स्वयंपाकघरात शिरल्यावर वास आला. बाहेर येऊन मी काकांपुढं उभी राहिले. स्टोअरमध्ये माल कमी भरला की मी जशी बघते तशी बघितलं असणार, कारण त्यांनी पेपरची घडी घातली.

आधी म्हणाले, आवाज आला. मी म्हटलं, करपल्याचा आवाज येत नाही. मग त्यांनी कबूल केलं. चव येऊन बरेच दिवस झाले होते. आधी कॉफी आली, मग लसूण, मग एकेक करून सगळं. मी म्हटलं, अहो, मग सांगा ना त्यांना, किती नवस बोलल्यात त्या. काका म्हणाले, "सांगितलं तर ती गप्प होईल. आत्ता कुठं तिसरीपर्यंत आलीय ती. तिचं लग्नसुद्धा व्हायचंय अजून." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मला ऐकायचंय गं सगळं. मी फार उशिरा विचारलं."

मी कुणाला बोलले नाही. आईलासुद्धा नाही. पण तेव्हापासून त्यांच्या टेबलाशी बसायचं मी टाळायला लागले. काकूंना कळलं तर काय वाटेल? फसवलं म्हणून एकदा तोंड मिटलं, तर ती बाई परत उघडायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुढं पुस्तक छापून आलं, त्या आनंदाप्रीत्यर्थ काकूंनी मला जेवायला बोलावलं. आई गावी गेली होती. शेंगोळे केले होते, हुलग्याच्या पिठाचे, लसणाच्या रश्शातले. काकूंनी आम्हा दोघांना वाढलं. मी पहिला घास घेतला आणि माझे डोळेच पांढरे झाले. नुसतं मीठ. खारट म्हणजे किती खारट, जीभ आत ओढली गेली. मी पाण्याच्या तांब्याकडे हात नेला, तेवढ्यात माझी नजर काकांकडे गेली. त्यांनीही घास घेतला होता. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. शांतपणे चावून त्यांनी गिळलं, दुसरा घास घेतला, तोही गिळला आणि काकूंना विचारलं, "आज कसं झालंय?"

काकूंनी आपल्या ताटलीतला एक तुकडा तोंडात टाकला. त्यांच्याकडे बघत बघत चावला. मग म्हणाल्या, "बेताचं झालंय. मीठ अगदी बरोबर पडलंय आज."

काकांनी मान डोलावली आणि तिसरा घास घेतला, जरा लहान.

काकू भाकरी आणायला आत गेल्या तशी मी त्यांच्यामागे गेले. म्हटलं, काकू, अहो मीठ... त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. ओट्यावर दुसरं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. "माहीत आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोनदा टाकलंय मीच. बरेच दिवस संशय होता, एकदा बघायचं होतं. चव नसती तर तिसरा घास लहान झाला नसता." मी विचारलं, मग आता? राग नाही आला? काकूंनी दुसऱ्या पातेल्यावरचं झाकण काढलं. लसणाचा वास साऱ्या स्वयंपाकघरात पसरला, तो बाहेर टेबलापर्यंत जाणारच होता. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तोंड हसत होतं. "या माणसानं जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी काहीतरी खाल्लं," म्हणाल्या.

मग त्यांनी डोळे पुसले, पातेलं उचललं आणि बाहेर आल्या. काकांच्या पुढ्यातलं ताट काढून घेतलं. म्हणाल्या, ते राहू द्या, गार झालंय, हे गरम आहे. नवीन ताटात वाढलं, त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. काकांनी घास घेतला. चांगल्या शेंगोळ्यांचा घास. ते डोळे मिटून, खूप वेळ चावत राहिले.

मग डोळे न उघडताच म्हणाले, "सांग."

आणि काकू सांगायला लागल्या.